गॅलरीतून वेगळे पक्षी कसे शोधायचे : फेब्रुवारी ते मे, पुण्यातला अनुभव

मागच्या मार्चमध्ये सकाळी साडेसातला शेजारच्या काकांनी बेल वाजवली. "चल लवकर, समोरच्या शिरीषावर ससाणा बसलाय." मी गॅस बंद केला, दुर्बीण उचलली आणि धावले. राखाडी पाठ, छातीवर तांबूस झाक, शेपटीवर आडवे पट्टे, सगळा थाट शिकारी पक्ष्याचा. मग त्याने चोच उघडली आणि "पेरते व्हा, पेरते व्हा" सुरू केलं, दर वेळी सूर थोडा वर चढवत. काका माझ्याकडे बघतायत, मी काकांकडे. तो पावशा होता. काकांना हसायचं काही कारण नाही, पावशाला बघून बुलबुल आणि सातभाईसुद्धा शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, आला समजून आरडाओरडा करतात. मजा वेगळीच आहे, काका बावीस वर्षं त्याच गॅलरीत पेपर वाचतात आणि पावशा तिथे दरवर्षी येतो.

तेव्हापासून सोसायटीतले लोक विचारतात की तुला बरं दिसतं सगळं, आम्हाला कावळे-कबुतरांपलीकडे काही दिसत नाही. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते. मी पक्षीतज्ज्ञ वगैरे नाही, नोकरी करते, मला सकाळची फक्त चाळीस मिनिटं मिळतात आणि घर वेताळ टेकडीपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे एवढंच काय ते भाग्य. पण यातलं बहुतेक सगळं नाशिक, सातारा, ठाणे, कुठेही चालेल, झाडं थोडी इकडची तिकडे होतील इतकंच.

आधी नेहमीचे पक्षी पाठ करा

हे ऐकायला बोअर वाटतं आणि नव्वद टक्के लोक इथेच दांडी मारतात. सगळ्यांना थेट स्वर्गीय नर्तक बघायचा असतो. पण वेगळा पक्षी "वेगळा" आहे हे कळणार कसं, जर साळुंकी, लालबुड्या बुलबुल, शिपाई बुलबुल, दयाळ, शिंपी, कोतवाल, वेडा राघू, तांबट, भारद्वाज, खंड्या, घार, चष्मेवाला, जांभळा सूर्यपक्षी एवढे डोळे मिटून ओळखता येत नसतील तर? पंधरा-वीसच आहेत. दोन आठवडे रोज तेच बघा. कसे बसतात, शेपटी हलवतात का, जमिनीवर उतरतात का, उडताना सरळ जातात की लाटेसारखे. नुसत्या रंगावर जाऊ नका.

यात दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. पहिली म्हणजे कोकिळेची मादी. नर काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा, आणि मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, पट्टे. दर वर्षी एप्रिलमध्ये निदान तीन जण मला तिचा फोटो पाठवून "कुठला रेअर पक्षी आहे" विचारतात, आणि डोळ्याकडे बघा म्हटलं की मग कळतं. दुसरा जांभळा सूर्यपक्षी. त्याचा नर विणीच्या हंगामात चमकदार निळा-जांभळा होतो, पण हंगाम नसताना तो जवळपास मादीसारखा दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी उभी रेघ राहते. फेब्रुवारीत अर्धेमुर्धे रंग बदललेले नर दिसतात, ठिगळं लावल्यासारखे, आणि लोक त्यांना नवीन जात समजतात.

आवाजांचंही असंच. मी पहिल्या वर्षी एक "चिप-चिप-चिप" असा न थांबणारा आवाज तीन दिवस शोधत होते, वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं की अनोळखी पक्षी, आंब्यावर. ती खार निघाली.

झाड धरा, पक्षी आपोआप येतात

माझं सगळ्यात मोठं म्हणणं हे आहे. पक्ष्यांच्या मागे फिरू नका, एक झाड निवडा आणि त्याच्यासमोर बसा. आपल्याकडचा वसंत म्हणजे काही युरोपासारखा बर्फ वितळून येणारा नाही, इथे झाडं पानं टाकतात आणि नुसती फुलांनी पेटतात. काटेसावर, पांगारा, पळस साधारण जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत फुलतात, तेव्हा त्यांच्यावर पानं जवळजवळ नसतात. म्हणजे वर्षातला हा एकच काळ असा की पक्षी तुमच्यासमोर उघड्यावर जेवायला बसतो. एरवी तो पानांत असतो आणि तुम्हाला फक्त हलणारी फांदी दिसते.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक पांगारा आहे, कुंपणाला टेकलेला, वाकडा, कोणी लक्ष देत नाही असा. फेब्रुवारीच्या मध्यात एका सकाळी मी त्याच्यासमोर पाऊण तास कट्ट्यावर बसले. साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी, चष्मेवाल्यांचा थवा, दोन कोतवाल (ते मधाला येतात की मधावर आलेल्या किड्यांना, मला वाटतं दोन्हीला), एक टकाचोर. मग शिक्र्याचा आवाज आला. सगळे क्षणभर गप्प. मी दुर्बिणीने शिक्रा शोधतेय तर तोच आवाज हिरव्या रंगाच्या बुलबुलाएवढ्या पक्ष्याच्या चोचीतून येत होता, गळ्यावर काळा डाग. पर्णपक्षी. हा दुसऱ्यांच्या नकला करण्यात पटाईत असतो. त्याने शिक्रा केला, मग कोतवाल केला, मग बुलबुल, आणि प्रत्येक नक्कल झाली की एका फुलात डोकं घालून येत होता, बाहेर आला की कपाळ परागांनी पिवळं झालेलं.

त्याच झाडावर मार्चमध्ये भोरडी येतात. हा पक्षी बघायला भिगवणला जायची गरज नाही. मध्य आशियातून हिवाळ्यासाठी आपल्याकडे येतो, जुलै-ऑगस्टपासूनच यायला लागतो आणि एप्रिलपर्यंत बहुतेक परत जातो. काळं डोकं, काळे पंख, बाकी अंग गुलाबी. हिवाळ्यात त्यांचा गुलाबी मळकट दिसतो कारण पिसांच्या टोकांना फिकट कडा असतात, त्या कडा हळूहळू झिजतात आणि मार्चमध्ये आतला गुलाबी उघडा पडतो. म्हणजे नवीन रंग चढत नाही, वरचा मळ उतरतो. लांबून थवा साळुंक्यांचा वाटतो म्हणून लोक बघत नाहीत, तर साळुंक्यांचा मोठा थवा दिसला की एकदा दुर्बीण लावाच, आणि जरा जास्त भांडखोर, बडबड्या वाटला तर नक्की लावा.

फुलं संपली की फळं. मार्च-एप्रिलमध्ये तुती, वर्षभर अधूनमधून उंबर, वड, पिंपळ, आणि सिंगापूर चेरी, ज्याला आमच्या सोसायटीत सगळे "कचरा करणारं झाड" म्हणतात. त्या कचरेवाल्या झाडावर मी बसल्या जागी तांबट, कोकीळ, फुलटोचे आणि एकदा हळद्या बघितलाय. फुलटोचा म्हणजे अंगठ्याएवढा, मळक्या रंगाचा, "चिक चिक" करत सरळ रेषेत उडून जाणारा. आंब्यावर बांडगुळ असेल तर तिथे तो असणारच, त्या फळांच्या चिकट बिया तोच फांद्यांवर पसरवतो.

वड किंवा पिंपळ फळला असेल तर हरियाल शोधा. आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे आणि मी शंभर लोकांना विचारलं असेल, पाच जणांनी बघितलाय म्हणून सांगितलं. तो हिरवट-पिवळा, पिवळ्या पायांचा, आणि पानांत बसला की गायब. युक्ती अशी की सकाळी ऊन पडल्यावर झाडाच्या सगळ्यात वरच्या, वाळक्या फांद्या बघा, उन्हं घ्यायला ते वर येऊन बसतात. हरियाल जमिनीला पाय लावत नाही, लावायची वेळ आली तर पायात काडी धरतो असं म्हणतात. मी काडी काही बघितली नाही पण जमिनीवरही कधी बघितला नाही.

वेळ, जागा, बसणं

मार्चच्या सुरुवातीला पुण्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, एप्रिलच्या शेवटी सहा-सव्वासहाला. उगवल्यापासून पुढचे दीड-दोन तास सोन्यासारखे. नऊनंतर ऊन चढतं, पक्षी सावलीत जातात आणि तुम्हीही जा. संध्याकाळी पाच ते सात ठीक असतं पण सकाळची सर नाही. दयाळ तर मार्चपासून उजाडायच्या आधीच गायला लागतो, स्ट्रीटलाइट चालू असतानाच.

सूर्य तुमच्या पाठीशी हवा. उजेडाच्या विरुद्ध बघितलं की सगळेच पक्षी काळे दिसतात आणि मग सगळेच कोतवाल. ही एक गोष्ट पाळली तरी तुमची ओळख दुप्पट सुधारेल, मी स्वतः दोन वर्षं चुकीच्या कट्ट्यावर बसत होते. कपडे मळखाऊ, मोबाइल सायलेंट, आणि हात वर करून "तो बघ तो बघ" करायचं नाही. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना फांदीचं वर्णन करायला सांगा, बोट न दाखवता, त्यांना खेळही होतो आणि पक्षीही उडत नाही.

दुर्बीण घ्यायचीच असेल तर ८×४२ घ्या. आठ म्हणजे आठपट मोठं दिसतं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, जेवढा मोठा तेवढा उजेड जास्त. दुकानदार दहा किंवा वीसवाली गळ्यात मारेल, ती हातात थरथरते आणि झाडावरचा पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. नसेल तरी अडत नाही, पहिले सहा महिने मी नुसत्या डोळ्यांनीच बघत होते.

आधी बघा, मग लिहा, मग अ‍ॅप

अनोळखी पक्षी दिसला की हात खिशात जातो, फोन निघतो, आणि फोन बाहेर येईपर्यंत पक्षी गेलेला असतो. उलटं करा. पहिले दहा सेकंद फक्त बघा आणि मनात बोला. आकार केवढा: चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, पारव्याएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. चोच कशी: किड्याची बारीक, दाण्याची जाड, की आकड्यासारखी. मग डोळ्यावर पट्टा आहे का, पंखावर पांढरी रेघ आहे का, शेपटीखाली कुठला रंग. मग वागणं. एवढं मनात आलं की वहीत खरडा, चित्र वाकडं आलं तरी चालेल, माझी सगळी चित्रं बटाट्याला चोच लावल्यासारखी आहेत.

पावशा आणि शिक्र्याचंच घ्या. चोच बघितली असती तर काका फसले नसते: शिक्र्याची आकड्यासारखी वाकडी, पावशाची जवळपास सरळ, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. शिवाय शिक्रा ताठ बसतो, पावशा बसला की पंख जरा खाली सोडतो.

आता अ‍ॅप. मर्लिन फुकट आहे, भारताचा पॅक डाउनलोड करून ठेवा, आवाज रेकॉर्ड करून नाव सुचवतं. नवशिक्याला वरदान आहे यात शंका नाही. पण ते नाव "सुचवतं", सर्टिफिकेट देत नाही. वर सांगितलेल्या पर्णपक्ष्यासमोर ते उघडलं असतं तर त्याने मला नसलेल्या पक्ष्यांची यादी दिली असती. अ‍ॅपने सांगितलेला पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत मी तो वहीत प्रश्नचिन्ह लावून लिहिते. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, लिस्ट टाकायची सवय मात्र लावा, पंधरा मिनिटं बसलात तरी दिसलेले सगळे पक्षी आकड्यासकट टाका, कावळे पण. तुमच्या भागात त्या महिन्यात सहसा न दिसणारं काही टाकलंत तर ते फ्लॅग होतं आणि तपासणारे स्वयंसेवक तपशील विचारतात. राग मानू नका, ते तुम्हाला खोटं ठरवत नसतात. मला एकदा विचारलं तेव्हा मी दोन दिवस फुगून बसले होते, मग वही उघडली तर मी शेपटीकडे बघितलंच नव्हतं. एंट्री काढून टाकली.

दर फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, चार दिवस, जगभर लोक आपापल्या अंगणातले पक्षी मोजतात. सुरुवात करायला याच्याइतकी चांगली सबब नाही.

दाणे नको, पाणी ठेवा

गॅलरीत दाणे टाकले की पारवे येतात. मग आणखी पारवे येतात. मग वरच्या मजल्यावरचे भांडायला येतात. आमच्याकडे यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाऊण तास गेला आणि शेवटी विषय पार्किंगवर घसरला. तर दाणे बंद, पाणी चालू.

मातीचं पसरट भांडं, खोली इंच-दीड इंच, मध्ये एक खरबरीत दगड. सावलीत ठेवायचं, जवळ कुंडी किंवा झुडूप असावं म्हणजे पक्षी आधी तिथे बसून अंदाज घेतो, पण मांजर दबा धरेल इतकं खेटून नको. पाणी रोज बदलायचं, दोन दिवसांनी भांडं काथ्याने घासायचं, साबण नको. आळस केलात तर आठ-दहा दिवसांत डासांची फॅक्टरी तयार, मग पक्षीप्रेमाला कोणी विचारत नाही.

एप्रिलच्या दुपारी असं भांडं म्हणजे चौकातला रसवंतीचा ठेला. आधी बुलबुल येतात, मग शिंपी, मग साळुंक्या सगळं पाणी उडवतात. मागच्या वर्षी आमच्या खालच्या बागेत, जिथे माळीदादांच्या नळातून ठिबकणारं पाणी साठतं, तिथे स्वर्गीय नर्तकाची जोडी चार दिवस येत होती. नर पांढरा शुभ्र, काळं डोकं, तुरा, डोळ्याभोवती निळं कडं, आणि शेपटीच्या दोन लांब फिती. तो फांदीवरून पाण्यावर सूर मारायचा, पोट ओलं करून परत वर, आणि फिती अर्ध्या सेकंदाने मागून पोचायच्या. माळीदादा म्हणाले, "हा तर रोज येतो ताई, तुम्ही आत्ता बघताय." नर तांबूस रंगाचाही असतो बरं का, पांढराच हवा असा हट्ट धरू नका.

ऐकत रहा, आणि घरटी सोडून द्या

आवाजाने शोधणं सगळ्यात सोपं तांबटापासून सुरू होतं. "टुक, टुक, टुक" एका लयीत, जुन्या पुण्यातल्या तांबट आळीत हातोडी चालते तसं, म्हणून तर नाव तांबट. आवाज आला की पानगळ झालेल्या झाडाचा शेंडा बघा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, चिमणीपेक्षा थोडा मोठा. वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक दिसलं तर ते त्याचं घर.

राखी धनेश पण पुण्यात भरपूर आहेत, विद्यापीठाच्या आवारात, एम्प्रेस गार्डनमध्ये, जुन्या झाडांच्या सोसायट्यांमध्ये. आवाज घारीच्या किंकाळीसारखा, पण चिरका आणि तुटक. वसंतात मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि कित्येक आठवडे नर बाहेरून तिला भरवतो. मी एकदा बघितलंय, नर आला, गळ्यातून एक उंबर वर काढला, चोचीच्या टोकावर धरला, फटीत दिला, मग दुसरा, मग तिसरा, दुकानदार सुट्टे पैसे मोजून देतो तसं. मी लांबून दहा मिनिटं बघितलं आणि निघाले, कारण माणूस ढोलीजवळ रेंगाळला तर नर येत नाही आणि आत बसलेली उपाशी राहते.

म्हणून घरट्यांचं एवढंच: जवळ जायचं नाही, फांद्या बाजूला करून फोटो काढायचे नाहीत, जागा ग्रुपवर टाकायची नाही. घुबड-पिंगळ्याची ढोली तर अजिबात नाही. आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. मीही केलंय सुरुवातीला, दयाळाला. तो बिचारा नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत वीस मिनिटं गाडीच्या आरशावर धडका मारत होता. पुन्हा केलं नाही. अंडी, घरटी यांना हात लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गुन्हा आहे, हे ज्यांना नुसती विनंती पुरत नाही त्यांच्यासाठी.

मे महिन्यातला पाहुणा

मे संपत आला, वळवाचे ढग दिसायला लागले की नवरंग येतो. नावाप्रमाणे, हिरवी पाठ, निळे खांदे, शेपटीखाली लाल, डोळ्यावर काळा पट्टा, आणि शेपूट जवळपास नाहीच. रात्री प्रवास करतो, त्यामुळे कधी कधी थकून किंवा काचेला धडकून सकाळी एखाद्या पार्किंगमध्ये, जिन्यात बसलेला सापडतो. वेगळा पक्षी घराजवळ म्हणजे याहून जवळ काय असणार.

सापडला तर फोटोसाठी गर्दी जमवू नका. चपलांचं रिकामं खोकं घ्या, झाकणाला चार भोकं पाडा, आत मऊ फडकं घाला, पक्ष्याला रुमालाने अलगद उचलून आत ठेवा आणि झाकण लावा. अंधारात तो शांत होतो. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं, भात-पोळी तर नाहीच. पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. नुसताच दमलेला असेल तर दोन-तीन तासांनी खोकं झाडाखाली झुडपाजवळ न्या, मांजर नाही ना बघा, झाकण उघडा आणि मागे सरका. आमच्याकडचा आधी बाहेर उडी मारून पालापाचोळ्यात उभा राहिला, दोन पानं उलटीपालटी केली, एक गांडूळ ओढलं, गिळलं, आणि मग उडत कुंपणापलीकडे गेला.